अंडी ठेवायच्या आधी नरांची सोय

पत्र थोडक्यात असं: रायगड जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. त्या शाळेत शिकवतात, घराला मागे परसू आहे. मुलाच्या (तो आता पाचवीत आहे) हट्टापायी त्यांनी एका विक्रेत्याकडून सिल्की या मऊ पिसांच्या शोभेच्या कोंबडीचा एक नर आणि दोन माद्या, आणि जपानी बँटम या बुटक्या, आखूड पायाच्या कोंबडीची एक जोडी आणली. ऑनलाइन मागवलेल्या अंडी उबवायच्या छोट्या मशीनमध्ये अंडी घालत गेल्या आणि आता परसात २१ पक्षी आहेत, त्यातले ९ नर. शेजारचे काका पहाटेच्या आरवण्याने हैराण झालेत आणि त्यावरून बोलाचाली झाली. सासूबाई म्हणतात जास्तीचे नर कापून टाका, पण मुलाने सगळ्यांना नावं दिलीत आणि तो विषय काढला की रडतो. यजमान म्हणतात चार पैसे मिळत असतील तर ठेव नाहीतर बंद कर. जपानी बँटमची अंडी कधीच धड फुटत नाहीत, पावसाळ्यात तर मशीनमधली बरीच पिल्लं पूर्ण वाढून कवचातच मेली. ताई विचारतात, "माझ्या हाताला यशच नाही का? जास्तीचे नर डोंगरावरच्या देवळापाशी सोडून देऊ का, म्हणजे कापल्याचं पाप तरी लागणार नाही? की सगळंच बंद करू?"

ताई,

तुम्ही चार वेगवेगळ्या अडचणी एकत्र करून त्या सगळ्यांचं एकच कारण काढलंत, की मला हे जमत नाही. अंडी फुटत नाहीत ते माझ्यामुळे, शेजारी चिडले ते माझ्यामुळे, नर जास्त झाले तेही माझ्यामुळे. मला हे पटत नाहीये, आणि का ते जरा सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं आता बऱ्याच जणांची येतात. फॅन्सी कोंबड्यांचं वेड गावोगावी पोचलंय, लोक व्हिडिओ बघून जोडी घेऊन येतात आणि विकणारा भाव सोडून बाकी काहीच सांगत नाही.

आधी जपानी बँटमचं घेऊ, कारण तिथे तुम्ही स्वतःला उगाचच दोष देताय. त्यांचे पाय इतके आखूड की पंखांची टोकं जमिनीला टेकतात आणि शेपूट मात्र डोक्याच्याही वर ताठ उभी, त्या ऐटीसाठीच लोक हा पक्षी घेतात ना? तो आखूड पाय एका जनुकामुळे येतो, त्याला क्रीपर म्हणतात. या जनुकाची एकच प्रत पिल्लाला मिळाली तर पाय आखूड होतात, आणि आई-बाप दोघांकडून एकेक अशा दोन मिळाल्या तर पिल्लू कवचातच मरतं, जगूच शकत नाही. म्हणजे आखूड पायाचा नर आणि आखूड पायाची मादी अशी जोडी लावली की जीव धरलेल्या दर ४ अंड्यांमागे सरासरी १ पिल्लू मरणारच, २ आखूड पायाची निघणार आणि १ लांब पायाचं. तुमची मशीन कितीही भारी असली, तुम्ही रात्री उठून उठून तापमान बघितलंत तरी हा चौथा हिस्सा हातात येत नाही. यातली बहुतेक पिल्लं पहिल्या ३-४ दिवसांतच जातात. तुम्ही लिहिलंय ना की सातव्या दिवशी टॉर्च लावून बघितलं तेव्हा काही अंड्यांमध्ये नुसतं लाल कडं दिसलं, त्यातली बरीचशी हीच असणार. (लाल कडं शिळ्या अंड्यांमुळे किंवा तापमान वरखाली झाल्यामुळेही दिसतं, पण तुमच्या सिल्कीच्या अंड्यांमध्ये ते क्वचित आणि बँटममध्ये दर खेपेला, यावरूनच कळतंय.)

आता खरी महत्त्वाची गोष्ट. पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, की लांब पायाच्या दोन "बिघडलेल्या" तलंगा (कोवळ्या माद्या) मावसबहिणीला देऊन टाकल्या. ताई, त्या बिघडलेल्या नाहीत हो! त्यांच्यात तो जनुक नाहीच, म्हणून पाय लांब आहेत. आखूड पायाच्या नराला लांब पायाच्या माद्या दिल्या की त्या जनुकापायी एकही पिल्लू मरत नाही, आणि निघालेल्यांत साधारण निम्मी आखूड पायाची, निम्मी लांब पायाची. म्हणजे तुम्हाला हवी तशी पिल्लं तेवढीच मिळतात आणि मरतं कुणी नाही. जुने जाणकार असंच करतात. मावसबहिणीला फोन करा, तिला दुसऱ्या गावरान तलंगा देऊन त्या दोघी परत आणा. मात्र त्या तुमच्याच नराच्या मुली आहेत, म्हणून त्यांना त्याच नराला लावण्याआधी पुढे लिहिलंय ते वाचा.

ज्यांच्याकडे उलट्या पिसांच्या फ्रिझल कोंबड्या आहेत त्यांनाही इथेच सांगून ठेवते, तिथेही दोन फ्रिझल एकमेकांना लावायच्या नाहीत, एक फ्रिझल आणि एक साध्या पिसाची अशीच जोडी करायची. दोन्ही फ्रिझल असल्या तर चौथा हिस्सा पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ होतात की गळून अंग उघडं पडतं आणि ती थंडीपावसात टिकत नाहीत.

पावसाळ्यातली मेलेली पिल्लं हा मात्र वेगळा मामला आहे. तुम्ही मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय म्हणून पहिल्या दिवसापासून पाण्याचा खण भरून ठेवत होतात. अहो, जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात हवाच इतकी ओली असते की घरातलं मीठ सुटतं, त्यात आणखी पाणी! २१ दिवसांत अंड्यातलं थोडं पाणी बाहेर उडून जायला हवं असतं म्हणजे आत हवेची जागा मोठी होते आणि शेवटी पिल्लू तिथे चोच घालून पहिला श्वास घेतं. पाणी उडलंच नाही तर ती जागा लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं, केस फुटलेलं पिल्लू ऐन बाहेर यायच्या वेळी गुदमरतं. तुम्ही वर्णन केलंय तसंच, ओलं, फुगलेलं, सुजलेलं. यावर सोपा उपाय म्हणजे वजन. सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्या, अंडं ठेवताना पेन्सिलीने त्यावर वजन लिहा. १८ व्या दिवसापर्यंत साधारण १३ टक्के वजन कमी व्हायला हवं, म्हणजे ३५ ग्रॅमचं अंडं साडेतीसच्या आसपास आलेलं हवं. मधल्या दिवसांत बघत राहिलात की कळतंच, कमी उडत असेल तर पाणी काढून टाका आणि झरोके उघडा, जास्त उडत असेल तर थोडं पाणी घाला. १८ व्या दिवशी अंडी फिरवणं बंद करायचं आणि तेव्हा मात्र ओलावा वाढवायचा, शेवटचे तीन दिवस ६५-७० टक्के, आणि झाकण उघडून सारखं बघायचं नाही. तापमान पंखा असलेल्या मशीनला ३७.५ डिग्री, आणि मशीनवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता ताप बघायचा साधा थर्मामीटर अंड्यांच्या शेजारी ठेवून एकदा ताडून बघा, स्वस्तातल्या मशीनमध्ये एखाद्या डिग्रीचा फरक सर्रास असतो आणि तेवढ्याने खेळ बिघडतो.

आणि खाणं. कोंबड्यांना तांदळाची कणी आणि उरलेला भात घालता असं लिहिलंय. कणीवर कोंबडी जगते, अंडीही देते, पण त्या अंड्यात पिल्लाला वाढायला लागणारी जीवनसत्त्वं पुरेशी उतरत नाहीत, खासकरून बी गटातली, मग जीव धरतो आणि मधेच जातो किंवा पिल्लं मुडपलेल्या बोटांची निघतात. अंडी गोळा करायच्या आधी निदान तीन-चार आठवडे माद्यांना लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य द्या, सोबत शेवग्याचा पाला, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. मात्र हेच लेअरचं खाद्य पिल्लांना चुकूनही नको, त्यात कॅल्शियम खूप असतं आणि कोवळ्या पिल्लांची मूत्रपिंडं त्याने खराब होतात. पिल्लांना त्यांचं वेगळं, स्टार्टरच.

सिल्कीचं एक छोटं काम सांगते जे कुणी सांगत नाही. शेपटीखालची, गुदाभोवतीची फुगीर पिसं नर-मादी दोघांचीही जोडी लावताना कात्रीने बारीक करायची, नाहीतर मिलन नीट होत नाही आणि निम्मी अंडी रिकामी जातात. डोळ्यांवर आलेला तुराही थोडा कापा, बिचाऱ्यांना समोरचं मुंगूससुद्धा दिसत नाही. आणि खरं विचाराल तर तुमच्या घरात जगातली उत्तम मशीन आधीपासून आहेच. सिल्की मादीइतकी हौसेने खुडूक बसणारी कोंबडी नाही, कुणाचीही अंडी द्या, उबवते. लाइट गेली, इन्व्हर्टर बंद पडला, हवा ओली झाली, तिला काही फरक पडत नाही. तिच्या अंगाखाली बँटमची सहा-सात अंडी मावतात आणि तेवढीच ठेवायची. पिल्लं निघाली की पहिले दिवस सकाळ-संध्याकाळ बघा, तिच्या मऊ लांब पिसांचा दोरा कधीकधी पिल्लाच्या मानेला अडकतो.

पण ही झाली पिल्लं काढायची गोष्ट, आणि तुमचं दुखणं पिल्लं कमी निघण्याचं नाहीये, निघालेल्यांचं काय करायचं याचं आहे. इथे माझं मत अगदी ठाम आहे. अंडी मशीनमध्ये किंवा कोंबडीखाली ठेवायच्या आधी त्यातून निघणाऱ्या नरांची सोय ठरलेली पाहिजे. निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात, ते कुणाच्याही हातात नाही. दहा पिल्लं म्हणजे पाच नर. आणि ५-६ माद्यांना एक नर पुरतो. सिल्कीत तर नर की मादी हे कळायलाच चार-पाच महिने जातात, तोवर नाव ठेवून झालेलं असतं, हातावर बसायची सवय लागलेली असते आणि मग एके दिवशी तो आरवतो. हे दरवेळी होणार आहे. म्हणून मशीनमध्ये जागा किती आहे ते बघून अंडी ठेवायची नसतात, किती नरांना आपण घर देऊ शकतो ते मोजून ठेवायची असतात. तुमच्याकडे मशीन ५६ अंड्यांची असेलही, तुमची गरज सहाची आहे.

आता आहेत त्या नऊ जणांचं. देवळापाशी सोडायचा विचार कृपा करून मनातून काढा. पाप कशात आहे ते मी ठरवणारी कोण, पण त्या पक्ष्याचं काय होणार ते मला माहीत आहे. सिल्कीला उडता येत नाही, झाडावर चढून बसता येत नाही, त्याच्या पिसांना पाणी निथळवायची ताकद नाही म्हणून एका सरीत तो चिंब भिजून गारठतो, तुऱ्यामुळे वरून आलेली घार दिसत नाही. पहिल्या एक-दोन रात्रींतच मुंगूस, कोल्हा किंवा कुत्री त्याला धरतात आणि ते मरण सुरीच्या एका क्षणापेक्षा पुष्कळ वाईट असतं. शिवाय त्या डोंगरावर रानकोंबडे असतील, आपल्या घरचे रोग त्यांना द्यायचे का? देवळाच्या वाटेवर ज्यांच्या घरी गावरान कोंबड्या आहेत त्यांनाही. सोडून देण्यात आपल्याला बघावं लागत नाही, एवढाच काय तो फरक.

मग राहिले तीन मार्ग, आणि तिन्ही एकत्र वापरता येतात. एक, दोन नर तुम्ही ठेवा, एक सिल्की, एक बँटम, वागायला शांत आणि पायाने सरळ असे निवडून. अंगावर धावून येणारा नर कितीही देखणा असला तरी पुढच्या पिढीसाठी ठेवू नका, तो स्वभाव उतरतो आणि घरात मुलं आहेत. दोन, जमत असेल तर बाकीच्यांतले दोन-तीन नर माद्यांच्या नजरेआड वेगळ्या खुराड्यात एकत्र ठेवता येतात, लहानपणापासून सोबत वाढलेले असले तर बऱ्याचदा भांडत नाहीत, पण आवाज असणारच म्हणून हे तुमच्या घरी नको, ज्यांचं घर वाडीत एकटं आहे अशा कुणाला विचारा, फुकट द्या आणि सोबत खाद्याची एक गोणीही द्या. देताना कशासाठी हवाय ते विचाराच. काळ्या सिल्कीला "पूर्ण काळा नर आहे का" असं विचारणारे अमावास्येच्या आधी बरोबर येतात, उताऱ्याला. तुम्हाला ते चालणार नसेल तर तोंडावर नाही म्हणा, संकोच नको.

तिसरा मार्ग सासूबाईंचा. पत्रात त्या जराशा निर्दयी वाटतात, पण मला तसं नाही वाटत. त्यांच्या पिढीने घरची कोंबडी वाढवली आणि घरीच खाल्ली, जास्तीचा नर म्हणजे पाहुणे आल्यावरचा वडे-सागोती, त्यात त्यांना काही विचित्र वाटत नाही. तुमच्या घरी रविवारी दुकानातलं चिकन येतं असं तुम्हीच लिहिलंय. तो ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांचा असतो, तुमचा नर सात-आठ महिने मोकळा हिंडून, ऊन खाऊन जगलेला आहे. सिल्कीचं मांस काळं असतं, कडकनाथसारखंच, चीनमध्ये ते मुद्दाम मागवून खातात. तेव्हा कापणं चूक आणि सोडणं बरोबर अशी जी वाटणी तुम्ही मनात केलीय ती एकदा तपासून बघा. तुम्हाला नसेल जमत तर नका करू, त्यातही काही कमीपणा नाही, पण मग अंडी कमी ठेवायची जबाबदारी दुप्पट होते.

मुलाचं मात्र जपून. त्याने नाव ठेवलेला पक्षी त्याच्या नकळत नाहीसा करू नका, आणि "मामाकडे पाठवला" असं खोटं तर अजिबात सांगू नका, पाचवीतल्या पोराला सगळं कळतं आणि मग तो तुमच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. त्याच्याबरोबर बसा, नऊ नर कागदावर लिहायला सांगा, आवाजाचा, खाण्याचा, जागेचा प्रश्न सांगा, आणि कुठले दोन ठेवायचे हे त्याला निवडू द्या. पुढच्या खेपेपासून पिल्लांच्या पायात रंगीत प्लास्टिकच्या रिंगा घाला (पाय वाढतो तशा बदलत राहायच्या, नाहीतर रुततात), वहीत रिंगेचा रंग, आई-बाप, तारीख लिहायचं काम त्याच्याकडे द्या, आणि नाव फक्त राहणार हे ठरलेल्या पक्ष्यालाच ठेवायचं असा घरात नियम करा. तो रडेल थोडा, रडू द्या.

काकांकडे आता वळू. बँटम अंगाने एवढासा आणि आवाज गावरान कोंबड्यापेक्षाही तीक्ष्ण, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोंबडा उजेड बघून आरवतो असं नाही, त्याच्या शरीरातच घड्याळ असतं आणि अंधारात ठेवलं तरी तो पहाटेच्या सुमाराला आरवतोच. पुढे त्यांनी हेही दाखवलं की आधी कळपातला सगळ्यात वरचढ नर आरवतो आणि मग बाकीचे आपापल्या क्रमाने. म्हणजे नऊ नर असले की एकापाठोपाठ नऊ जण, पुन्हा पहिला, असं ते लांबतच जातं. दोन नर झाले की निम्म्याहून जास्त प्रश्न तिथेच मिटतो. राहिलेल्या दोघांना रात्री काकांच्या भिंतीपासून लांबच्या बाजूला, जाड लाकडी पेटीत, हवेला भोकं ठेवून, आत भाताचं तूस पसरून ठेवा आणि सकाळी सातनंतर बाहेर काढा, आरवतील पण आवाज दबतो. मानेला बांधायचे पट्टे ऑनलाइन मिळतात ते नका घेऊ, जरा घट्ट झाला तर पक्षी गुदमरतो. आणि काकांकडे स्वतः जा. भांडणानंतर जायला जड जातं, पण "दिवाळीपर्यंत नर दोनच राहतील आणि ते रात्री पेटीत असतील" असं तारखेसकट सांगितलंत की माणूस ऐकतो, नुसतं "बघू, करू" म्हटलं की चिडतो.

यजमानांच्या चार पैशांचं. मला वाटतं त्यांना व्यवसाय नकोच आहे, खर्च डोळ्यांवर येतोय. बँटम दिवसाला ५०-६० ग्रॅम खातो, म्हणजे नऊ नर मिळून महिन्याला साधारण १५ किलो खाद्य, आणि ते अंडंही देत नाहीत. नर कमी झाले की हा आकडा आपोआप खाली येतो. मग दोघांनी मिळून छंदाचा महिन्याचा खर्च ठरवा आणि तेवढाच करा. चार-पाच जोड्या विकून खाद्य निघालं तर चांगलंच, पण यावर घर चालेल या हिशोबाने पैसे घालू नका. शोभेच्या पक्ष्यांचा भाव नवलाईवर असतो, आज ज्याला हजारो मागतात तो पक्षी सगळ्यांकडे झाला की कुणी विचारत नाही. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या नावाखाली किती शेतकऱ्यांचे पैसे अडकले ते आपण सगळ्यांनी बघितलंय, पक्षी घ्या, आम्हीच अंडी परत विकत घेऊ असं कुणी म्हणालं की तिथून उठायचं.

आणि विकाल तेव्हा तुम्हाला जे कुणी सांगितलं नाही ते तुम्ही सांगा. बँटम विकताना क्रीपरबद्दल सांगा, लस कधी दिली ते लिहून द्या, सख्खे भाऊ-बहीण "ब्रीडिंग पेअर" म्हणून विकू नका. इथेच ते राहिलेलं सांगते. तुमची बँटमची सगळी पिल्लं एकाच जोडीची, म्हणजे सगळी सख्खी भावंडं. सेब्राइट नावाचा जो सोनेरी-काळ्या काठाचा बँटम आहे तो घडवणारे सर जॉन सेब्राइट, त्यांनीच १८०९ साली लिहून ठेवलंय की जवळच्या नात्यात पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लावल्या तेव्हा त्यांच्या कोंबड्या अंगाने बारीक आणि प्रजननाला कमजोर झाल्या. बापाला मुलगी एकदा लावली तर आकाश कोसळत नाही, पण त्यापुढे रक्त बदललंच पाहिजे. म्हणून त्या दोन तलंगांसाठी नर दुसऱ्या, नात्यात नसलेल्या घरातून आणा, विकत नको, तुमच्या एका नराशी अदलाबदल करा, म्हणजे नऊमधला आणखी एक चांगल्या घरी जाईल (ठेवायचा बँटम नर मग हाच, म्हणजे नर दोनच राहतात). आणलेला नर तीन-चार आठवडे परसाच्या दुसऱ्या टोकाला वेगळा ठेवायचा, त्याचं खाणं-पाणी सगळ्यात शेवटी करायचं, हात धुवायचे. सिल्कीला मरेक्सचा, म्हणजे पाय लुळे पाडणाऱ्या रोगाचा धोका जास्त असतो, एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पक्षी पडून राहिला तर समजायचं, त्याची लस पिल्लू एक दिवसाचं असतानाच द्यावी लागते, नंतर उपयोग नाही.

बर्ड फ्लूची बातमी आली की हौसेचे पक्षी म्हणून सूट नसते हेही लक्षात असू द्या. २००६ मध्ये नवापूरला किंवा २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला झालं तसं झालं की बाधित ठिकाणाच्या आसपासचे सगळेच पक्षी नष्ट करतात, परसातले, नाव ठेवलेले सगळे. तेव्हा आजूबाजूला कावळे किंवा बगळे अचानक मरून पडलेले दिसले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं आणि आपले पक्षी जाळीच्या आत घ्यायचे.

बंद करू का, याला माझं उत्तर नाही असं आहे, पण वर्षभर मशीन माळ्यावर टाका. या थंडीत एक सिल्की खुडूक बसली की तिच्याखाली सहा अंडी, बस्स. आणि त्याआधी एक काम उरका. मानमोडीची म्हणजे राणीखेतची लस पिल्लांना ५ ते ७ दिवसांची असताना डोळ्यात थेंब टाकून देतात, मोठ्यांची वेगळी असते, दवाखान्यात डॉक्टरांना विचारून वेळापत्रक लिहून घ्या. लसीची बाटली निदान १०० पक्ष्यांची येते आणि तुमच्याकडे तर वीसच, उरलेली फेकावी लागते. तेव्हा आळीतल्या ज्यांच्या ज्यांच्या कोंबड्या आहेत त्यांना सोबत घ्या, त्यांच्यातला रोग थांबला तर तुमच्या परसात येणार नाही. बाटली बर्फातून आणायची, कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवायची, म्हणून उन्हं चढायच्या आधी कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवा असा निरोप सगळ्यांना आदल्या संध्याकाळीच द्या.